कशावरून आक्का

आज ऊन फार आहे, असं कुणी म्हटलं तरी आक्का आधी शेडबाहेर येऊन वर बघायची, मग बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची आणि विचारायची, "कशावरून?" घाम तिच्याही कपाळावरून ओघळत असायचा, पण तेवढा पुरावा तिला पुरत नसे. मोशीत तिला खऱ्या नावानं ओळखणारी माणसं थोडीच. थंड पेयांची एजन्सी चालवणारी कशावरून आक्का म्हटलं, की पानटपरीवाल्यापासून बसच्या कंडक्टरपर्यंत कुणीही तिच्या शेडकडे बोट दाखवायचा.

मी तिच्याकडे टेम्पो चालवायचो. चाकणच्या कारखान्यातून बाटल्यांचा मोठा ट्रक तिच्या शेडवर यायचा, आम्ही ड्रायव्हर लोक तो उतरवून घ्यायचो आणि मग टेम्पोत क्रेट भरून मोशी, रावेत, पुनावळे अशी दुकानं करत फिरायचो. मूळचा मी लातूरकडचा, आणि लातूरकडच्या माणसाचा आवाज जरा चढाच असतो. पहिल्या दिवशी तिनं माझं लायसन हातात घेतलं, उन्हात धरलं, उलटंसुलटं केलं. काम का पाहिजे म्हणून विचारलं. मी म्हटलं, नोकरी नाही. ती म्हणाली, कशावरून? माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, नोकरी असती तर तुमच्या दारात उन्हातान्हाचा कशाला तडफडत उभा राहिलो असतो? "हे पटलं," ती म्हणाली. टेम्पोची किल्ली तिनं माझ्या तळहातावर ठेवली आणि स्वतःच्या हातानं माझी मूठ मिटली. पुढं रोज सकाळी ती प्रत्येक ड्रायव्हरला अशीच किल्ली द्यायची. भिंतीवरच्या खिळ्यावरून आपली आपण किल्ली घेतलेली तिला चालायची नाही.

एवढी वर्षं थंड पेयं विकली, पण तिनं कधी त्यांचा घोट घेतला नाही. आत काय घातलंय ते कुणी बघितलंय, असं म्हणायची. प्यायची फक्त चहा, तोही स्वतः केलेला, आणि कपावर बशी झाकून. शेडवर येईल त्याला माठातलं पाणी मिळे, मग तो पोलीस असो नाहीतर भंगारवाला. चहा मात्र विश्वास बसलेल्या माणसालाच. मला तिच्या हातचा पहिला चहा मिळाला तो दुसऱ्या दिवाळीनंतर. सुदाम नावाचा कोकणातला एक जुना ड्रायव्हर होता, तो म्हणाला, राव, तुझं बरं झालं, मला चार दिवाळ्या लागल्या.

हा संशय तिच्यात उपजत होता की काय, असं मला आधी वाटायचं. तसं नव्हतं. एकदा रावेतच्या फेरीला ती शेजारी बसून आली होती. रुंद रस्त्यावरच्या एका पुलाखाली तिनं मला गाडी थांबवायला लावली आणि म्हणाली, हितं आमची विहीर होती. ती नवी नवरी होऊन आली तेव्हा जमीन मोजायची साखळी घेऊन माणसं आली होती म्हणे. सासऱ्यानं विचारलं, काय चाललंय? तर ती माणसं म्हणाली, काही नाही बाबा, आम्ही फक्त मोजतोय. सासऱ्यानं त्यांना ताक पाजलं. काही वर्षांनी विहीर गेली, विहिरीवरचा आंबा गेला, आणि ताकाची आठवण तेवढी राहिली. "मोजाय आल्याला माणूस रिकाम्या हातानं जात न्हाई," आक्का म्हणाली. हे वाक्य मी पुढं तिच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे.

म्हणून तर सगळं बिनसलं. एके दिवशी कंपनीच्या ऋता मॅडम स्कूटरवरून शेडवर आल्या. रावेतला राहायच्या, इंजिनियर होत्या, बोलायला मऊ. त्यांनी आम्हाला गोल बसवून समजावलं, की बाटली कारखान्यातून निघाल्यापासून गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत किती डिझेल जळतं, दुकानातला फ्रिज किती वीज खातो, त्यातून हवेत किती कार्बन जातो, आणि कंपनीला तो आता कमी करायचाय. आम्ही माना डोलावल्या. आक्कानं विचारलं, मग आमी काय करायचं? मॅडम बिचाऱ्या हसून म्हणाल्या, "काहीच नाही आक्का, सध्या आम्ही फक्त मोजतोय."

आक्काचा चेहरा असा झाला, की मी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झालो. मॅडम गेल्यावर ती म्हणाली, गेली शेड.

मोजायचं म्हणून प्रत्येक टेम्पोत एक काळी डबी बसवली गेली. गाडी कुठं गेली, किती वेळ चालू इंजिनावर उभी राहिली, ते त्या डबीतून कंपनीला कळे. डबीला ऐकू येत नाही, हे मॅडमनी शपथेवर सांगितलं. आक्कानं विचारलं, कशावरून? तिथून पुढं ती टेम्पोत चढली, की आधी डबीकडे तोंड करून मोठ्यांदा म्हणायची, कंपनी लई चांगली हाय बरं का, साहेब लोक देवमाणसं हायत. मग मला डोळा घालायची आणि तोंडाला पदर लावून कुजबुजत कंपनीचा उद्धार करायची. मीही कुजबुजून उत्तर द्यायचो. आता तुम्ही हसाल, पण महिन्याभरात मी एकटा असतानासुद्धा त्या डबीसमोर शिवी द्यायची बंद केली होती. संशय खरजेसारखा असतो, एकाचा दुसऱ्याला लागतो.

मग आले स्टिकर. कंपनीतल्या कुण्या हुशार माणसानं टेम्पोच्या दोन्ही बाजूंना हिरवीगार अक्षरं चिकटवली: "आता कार्बन कमी!" ऐन उन्हाळ्यात, म्हणजे धंद्याच्या दिवसांत. पहिल्याच दुकानात दुकानदार म्हणाला, काय भाऊ, सोड्यातला गॅस कमी केला व्हय तुमी? मी म्हटलं, नाही हो. तो म्हणाला, मग लिहिलंय काय? सोड्यात कार्बन असतो हे शाळेत गेलेल्या कुणालाही ठाऊक, आणि आमची गाडी तर गावभर ओरडत फिरत होती की तो कमी केलाय. पुनावळ्यात एका बाईनं बाटली माझ्यासमोर उघडून कानाला लावली आणि म्हणाली, आवाज पहिल्यासारखा येत नाही. दुकानदारांनी भरलेले क्रेट परत केले. दुसऱ्या कंपनीचे टेम्पोवाले शिट्या वाजवत आमच्या शेजारून जायला लागले.

गंमत अशी, की आक्कालाही तसंच वाटलं होतं. ऋता मॅडम आल्या तेव्हा तिनं एक बाटली उचलली, धुणं आपटावं तशी हलवली आणि मॅडमच्या पुढ्यातच उघडली. फेसाचा फवारा त्यांच्या ओढणीवरून थेट चष्म्यापर्यंत गेला. आक्का शांतपणे म्हणाली, गॅस तर हाय, मग कमी काय केलंय? मॅडमनी चष्मा पुसला आणि हसत सुटल्या. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, की बाटलीतला नाही, गाडीच्या धुरातला. आक्कानं ऐकून घेतलं, आणि जुनी कॅलेंडरं काढून आमच्याकडून ते सगळे स्टिकर झाकून घेतले. नंतर कितीतरी दिवस माझा टेम्पो मार्च महिना अंगावर घेऊन हिंडत होता. मॅडमनी तक्रार केली नाही. पण त्या दिवशीही त्यांना पाणीच मिळालं.

मॅडम वाईट नाहीत, असं मी एकदा आक्काला म्हटलं. ती म्हणाली, वाईट माणूस परवडला, त्याचं काम तरी कळतं. तिचा राग नुसता हट्ट नव्हता. काचेच्या बाटल्या होत्या तेव्हा रिकाम्या परत आणायचं मोठं काम शेडला होतं. कंपनीनंच त्या बंद करून प्लास्टिक आणलं, तेव्हा बाटल्या मोजणाऱ्या बायकांना घरी पाठवावं लागलं. आता मॅडम सांगत होत्या, काच पुन्हा वापरली तर कार्बन वाचतो, म्हणून ती परत आणायचा विचार चाललाय. बायका परत आणणार का, हे आक्कानं विचारलं, तर मॅडम चष्मा काढून पुसत बसल्या.

तेवढ्यात आम्हाला वेगळाच घोर लागला. शेडसमोर एक पांढरी लांबलचक गाडी दोन-तीनदा उभी दिसली. ती बिल्डरची होती, हे मोशीत कुणाला सांगावं लागत नाही. रस्त्याकडेच्या त्या जागेवर कोण डोळा ठेवणार नाही? सुदाम म्हणाला, आक्का शेड विकणार आणि आपण रस्त्यावर. माझ्या मुलीचं त्या वर्षी कॉलेज सुरू झालं होतं. या वयात डिझेलचा टेम्पो सोडून मला दुसरं काय येत होतं? शेवटी न राहवून मी आक्काला तोंडावर विचारलं, की तुम्ही शेड विकताय का. ती म्हणाली, न्हाई. मी म्हटलं, कशावरून?

सुदामनं तर डोळेच मिटून घेतले. आक्का माझ्याकडे बघत राहिली, आणि मग एवढी हसली, की तिला खोकला लागला. "माझ्यावर संशय घेतोस? घे. घ्यायलाच पायजे," ती म्हणाली. बिल्डरला तिनं माठातलं पाणीसुद्धा उभ्या उभ्याच पाजलं होतं म्हणे.

मग तो दिवस आला. कंपनीचे मोठे साहेब आले, बरोबर ऋता मॅडम. साहेबांचं म्हणणं असं, की डिझेलचे टेम्पो जाऊन आता विजेवरचे येणार, आक्कानं नव्या करारावर सही करावी. एजन्सी तिचीच राहील, एकाही ड्रायव्हरचं काम जाणार नाही, उलट भरभराट होईल. बोलायला असे गोड, की ऐकता ऐकता मलाच वाटलं, चला, सुटलो. आक्कानं विचारलं, कशावरून? साहेब म्हणाले, कंपनीचा शब्द आहे. आक्का उठली. ऑफिसच्या भिंतीवर खंडोबाचा फोटो होता आणि त्याखालच्या फळीवर भंडाऱ्याची पितळी डबी. तिनं डबी उघडली, वर बेलाचं पान ठेवलं आणि ती साहेबांच्या पुढं धरली. आमच्या गावाकडं काय आणि हिकडं काय, बेलभंडार उचलून खोटं बोलायची छाती सहसा कुणाची होत नाही.

साहेबांनी आधी मॅडमकडे बघितलं, मग घड्याळाकडे. मग हसले, चिमूटभर भंडारा पानासकट उचलला आणि म्हणाले, घ्या आक्का, आता तरी खूश? बोटं त्यांनी रुमालाला पुसली. आक्कानं तीच डबी मॅडमसमोर धरली.

मॅडमनी हात मागं घेतला. चेहरा उतरला होता. साहेब म्हणाले, अहो, उचला की, उशीर होतोय. मॅडम म्हणाल्या, "मी नाही उचलणार, आक्का. एजन्सी राहील की नाही, मला सांगितलेलं नाही. मला विचाराल तर नाही राहणार."

साहेब त्यांच्याशी इंग्रजीतून जे काही बोलले, त्याचा अर्थ मला कळला नाही, पण सूर कळला. ते तरातरा जाऊन गाडीत बसले आणि मॅडमना तिथंच ठेवून निघून गेले. मॅडम उभ्याच होत्या. आक्कानं भंडाऱ्याची डबी बंद केली, फळीवर ठेवली, हात धुतले आणि स्टोव्ह पेटवला. कपावर बशी झाकून तिनं मॅडमच्या हातात चहा दिला. सुदामनं मला कोपरानं ढोसलं. मी त्याच्याकडे बघितलंच नाही.

चहा पिता पिता मॅडमनी सगळं उघड सांगितलं. भरलेला ट्रक चाकणहून मोशीला येतो, माल उतरतो, पुन्हा टेम्पोत चढतो, आणि त्यातला कितीतरी परत चाकणच्याच वाटेवरच्या दुकानांत जातो. हा हेलपाटा वाचवायचा तर माल कारखान्यातून थेट दुकानात जायला हवा. कार्बनचं म्हणून जे काही खरंखुरं वाचणार आहे, ते यातच आहे. नुसते टेम्पो बदलून फारसं काही होणार नाही. आक्कानं मधे एकदाही कशावरून म्हटलं नाही. शेवटी एवढंच बोलली, "म्हंजे ह्यांच्या हिशेबात कार्बन म्हंजे आमीच." मॅडमना हो म्हणायचं धाडस झालं नाही, पण त्या नाहीही म्हणाल्या नाहीत.

मग आक्कानं विचारलं, की त्या विजेच्या गाड्या चाकणहून निघून पुनावळ्यापर्यंत जाऊन एका दमात परत येतात का. मॅडम म्हणाल्या, भरलेल्या असल्या तर अवघड आहे, मधे कुठंतरी चार्ज करायला जागा लागेल, तीच शोधतोय. आक्कानं मान वर करून शेडच्या पत्र्याकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. पुढं कितीतरी महिने कंपनीची वेगवेगळी माणसं आली, गेली. ते साहेब कुठं बदलून गेले, कुणाला ठाऊक नाही. येईल त्याला आक्का एकच वाक्य ऐकवायची, "शेड पायजे तर माणसांसकट." विहीर मोजताना सासऱ्यानं माणसांचं काय ते विचारलं नाही, ही तिची जन्माची खंत होती, आणि या खेपेला ती विचारल्याशिवाय राहणार नव्हती.

एजन्सी गेली. शेडवरचा तिच्या एजन्सीचा बोर्ड मीच उतरवला. पण शेड राहिली, तिथं चार्जिंगच्या पेट्या लागल्या, आणि आम्हाला विजेचे टेम्पो चालवायला शिकवून कंपनीच्या वाहतूकदाराकडे कामाला घेतलं. सुदाम तेवढा राहिला नाही. आवाज न करणारी गाडी मला भुतासारखी वाटते, म्हणाला, आणि कोकणात निघून गेला. आम्ही आक्काला पेढे द्यायला गेलो तर ती म्हणाली, एक सुटला की रं हातातनं. पेढा तसाच हातात धरून बसली होती.

नंतरही ती रोज शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायची. पहिल्या पावसाळ्यात तिनं एकाही गाडीवर पाणी मारू दिलं नाही, शॉक बसेल म्हणून. किती समजावलं, पण नाही. चार्जिंगच्या पेटीवर हिरवा दिवा लागला, की ती मला तो खरा आहे का विचारायची. पूर्वी कुठला टेम्पो आला ते ती पाठमोरी असताना आवाजावरून सांगायची. आता गाडी येऊन शेजारी उभी राहिली तरी तिला पत्ता लागत नसे. तू आलास का गेलास, काय बी कळंना झालंय, म्हणायची. त्याचं मात्र मला फार वाईट वाटायचं. रस्त्यावर धूर कमी झाला, हे चांगलंच झालं. माझी स्वतःची खोकल्याची उबळ गेली. पण तिच्या कानाचं काम गेलं, ते कुठल्या डबीत मोजलं असेल?

आम्ही शेवटचं भेटलो ते चिंचवडच्या एका दवाखान्यात. दुपारी फेरी चालू असतानाच मला तिच्या सुनेचा फोन आला, की आक्का सारखी तुमचं नाव काढतेय. भरलेला टेम्पो दवाखान्याखाली लावून मी वर गेलो. खाटेवर ती एवढीशी दिसत होती. उशाला सुनेनं आणलेला चहा बशी झाकून ठेवलेला, तसाच गार झालेला. मला बघून तिचे डोळे जरा हलले. बऱ्या व्हाल हो आक्का, असं काहीतरी मी बोललो. तिनं तिकडं लक्षच दिलं नाही. तिच्या मनात वेगळंच होतं.

"गाडी हाय न्हवं तुझ्याकडं?"

"आहे की, आक्का."

"कशावरून?"

मी खिशातून टेम्पोची किल्ली काढली, तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची मूठ माझ्या हातानं मिटली. तिनं अंगठ्यानं किल्ली चाचपली, दातेसुद्धा चाचपले.

"बरं," ती म्हणाली, आणि तिला झोप लागली.

खिशात फोन वाजायला लागला. गाडी एकाच जागी इतका वेळ उभी आहे, हे टेम्पोतल्या काळ्या डबीनं कंपनीला कळवलं असणार. मी किल्ली हळूच ओढून बघितली, पण तिची मूठ काही सुटेना. मी फोन बंद केला, स्टूल खाटेजवळ ओढलं आणि तिला जाग येईपर्यंत बसून राहिलो.